रँडम ॲक्सेस फाइल, फिक्स्ड लेंथ रेकॉर्ड: अकराव्या सभासदापासून सगळं सरकतंय

सागर_गडहिंग्लज

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या मायक्रोप्रोजेक्टला गावातल्या दूध संस्थेचं सभासद रजिस्टर घेतलंय, सी मध्ये, विंडोजवर कोडब्लॉक्स. डेटाबेस वापरायचा नाही अशी सरांची अट आहे, रँडम ॲक्सेस फाइलच पाहिजे, म्हणजे पाहिजे त्या रेकॉर्डवर थेट उडी मारता येणारी. म्हणून एक स्ट्रक्चर केलं (एका सभासदाची सगळी माहिती एकत्र), त्यात सभासद कोड इंट (पूर्णांक), नाव ३० कॅरेक्टरचं आणि सभासदाच्या खात्यावरची बाकी डबल (दशांश आकडा). कोड १ ते २०० सलग आहेत म्हणून कोड हाच रेकॉर्ड नंबर धरला, म्हणजे (कोड − १) गुणिले स्ट्रक्चरचा साइझऑफ (बाइटमधला आकार) एवढं एफसीक करायचं (फायलीत तेवढं पुढं जायचं) आणि वाचायचं, शोधाशोध काही नाही. नावं एका यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) टेक्स्ट फायलीतून घेतली, खात्यावरची बाकी सगळ्यांची सध्या शून्य.

आता घोळ असे आहेत. माझ्या हिशोबाने एक रेकॉर्ड ४ + ३० + ८ म्हणजे ४२ बाइट, २०० सभासदांचे ८,४०० व्हायला पाहिजेत, पण फाइल दिसतेय ९,६०१ बाइटची. कोड १ ते १० मागितला की बरोबर येतं, पण ११ मागितला की कोड २८१६ येतो आणि नाव कोरं, १२ ला ३०७२ आणि नाव परत कोरं, तिथून पुढं सगळं तसंच. सुरुवातीपासून सगळी यादी काढायला गेलो तर आकडे नीट येतात पण २५ व्या सभासदानंतर यादी बंदच पडते, एरर नाही काही नाही. आणि यादी फायलीत काढून ब्राउझरमध्ये उघडली तर काही नावं अर्धीच, शिवाजी पांडुरंग कदम यांचं नुसतं "शिवाजी पां" आणि पुढं काळा चौकोन प्रश्नचिन्हवाला.

स्ट्रक्चर ग्लोबल आहे, फाइल पहिल्यांदा बनवताना उघडायचा मोड डब्ल्यू प्लस, नंतर वाचताना आर प्लस. सभासद कमी झाला तर रेकॉर्ड कसं काढायचं हे पण विचारायचं होतं पण आधी हे सुटू दे. मित्राच्या जुन्या ३२ बिटच्या लिनक्स लॅपटॉपवर तोच कोड टाकला तर तिथं फाइल ८,८०० ची झाली, आता बोला.

बाइटमोजणी

सागर, तू आकडे एवढे व्यवस्थित दिलेस की कोड न बघताच सांगता येतंय. बहुतेक लोक "चालत नाहीये" एवढंच लिहितात.

९,६०१ ची फोड कर. ९,६०० म्हणजे २०० गुणिले ४८. म्हणजे तुझं रेकॉर्ड ४२ नाही, ४८ चं आहे. डबलची सुरुवात ८ ने भाग जाईल अशा जागी व्हावी असा कंपायलरचा आग्रह असतो, तुझा कोड आणि नाव मिळून ३४ बाइट होतात, ३४ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून तो मधे ६ बाइट रिकामे सोडून डबल ४० व्या बाइटपासून ठेवतो, ४० आणि ८ अठ्ठेचाळीस. याला पॅडिंग म्हणतात. मित्राच्या ३२ बिट लिनक्सवर डबलला ४ ने भाग गेला तरी चालतं, तिथं ३४ चे ३६ होतात आणि रेकॉर्ड ४४, गुणिले २०० झाले ८,८००. आणि हाच कोड कॉलेजातल्या टर्बो सी मध्ये टाकलास तर इंट २ बाइटचा आणि पॅडिंग नाही, म्हणजे रेकॉर्ड ४० चं. एकच स्ट्रक्चर, तीन मशीन, तीन लांब्या, आणि एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येणार नाही.

आता वरचा तो एक बाइट. मोडमध्ये बी (बायनरी) नाहीये ना, म्हणजे विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली. टेक्स्ट मोडमध्ये तू १० किमतीचा बाइट लिहिलास की विंडोजला वाटतं ही नवी ओळ आहे आणि तो त्याच्या आधी १३ चा एक बाइट स्वतःच घुसडतो. तुझ्या फायलीत १० चा बाइट कुठं आहे? दहाव्या सभासदाच्या कोडमध्ये! नावांच्या यूटीएफ-८ देवनागरीत १० येऊच शकत नाही, खात्यावरची बाकी सगळ्यांची शून्य, स्ट्रक्चर ग्लोबल असल्यामुळं पॅडिंगही शून्य, म्हणून बरोबर एकदाच घुसला आणि फाइल एकने वाढली. दहावं रेकॉर्ड स्वतः नीट वाचलं जातं कारण वाचताना तो १३ परत गिळला जातो. पण अकरावं तू ४८० व्या बाइटवर शोधतोस आणि ते आहे ४८१ वर. म्हणजे आधी दहाव्याच्या शेवटचा शून्य मिळतो, मग अकराचा पहिला बाइट, म्हणून अकरा एक घर वर सरकून ११ गुणिले २५६ म्हणजे २८१६ होतो. १२ गुणिले २५६ किती? ३०७२. आणि कोडचा उरलेला शेवटचा शून्य नावाच्या पहिल्या जागी येऊन बसतो, सी मध्ये नावाची सुरुवातच शून्याने झाली की ते नाव कोरं.

२५ नंतर यादी का थांबते ते पण त्यातच आलं. २६ म्हणजे कंट्रोल झेड, डॉसच्या काळापासून टेक्स्ट फायलीत तो दिसला की फाइल संपली असं समजतात. सव्वीसावा सभासद आला, कोडचा पहिलाच बाइट २६, संपली फाइल.

तेव्हा मोड डब्ल्यू प्लस बी आणि आर प्लस बी कर, हे दोन्ही घोळ गायब. डब्ल्यू प्लस बी फक्त पहिल्यांदा, कारण तो प्रत्येक वेळी फाइल रिकामी करतो. ए प्लसच्या वाटेला जाऊ नकोस, तू एफसीक कुठंही कर, तो लिहिणार शेवटीच. आणि रेकॉर्ड वाचून दुरुस्त करून परत लिहिताना मधे एफसीक केलंच पाहिजे, वाचल्यावर पॉइंटर पुढच्या रेकॉर्डवर गेलेला असतो, तसंच लिहिलंस तर शेजाऱ्याच्या बाकीवर लिहिशील.

नावांचं उद्या लिहितो, ते जरा मोठं आहे.

फॉक्सप्रो_निवृत्त

वरचं उत्तर वाचून बरं वाटलं. आम्ही पतसंस्था आणि सोसायट्यांची कामं डीबेस, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामांवर केली, ती डीबीएफ फाइल म्हणजे हाच प्रकार होता बाळा, फिक्स्ड लेंथ रेकॉर्ड, वर एक हेडर. त्या हेडरमध्ये एकूण रेकॉर्ड किती, हेडर किती बाइटचं आणि एक रेकॉर्ड किती बाइटचं हे लिहिलेलं असायचं, त्यामुळं फाइल कुठल्याही प्रोग्रामने उघडली तरी त्याला अंदाज बांधावा लागायचा नाही. तुझ्या फायलीत ही सोय नाही म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर बोंब झाली. आणि आकडे आम्ही बायनरीत ठेवतच नव्हतो, न्युमरिक फील्ड म्हणजे साधे अंक कॅरेक्टर म्हणून उजवीकडे सरकवून लिहिलेले, फाइल नुसती टाइप करून बघितली तरी डोळ्यांनी हिशोब दिसायचा. जागा जास्त खातं पण पॅडिंगची भानगडच नाही.

काढून टाकण्याचं विचारलं होतंस. डीबीएफमध्ये प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट त्यासाठीच राखून ठेवलेला असतो, तिथं स्पेस असेल तर रेकॉर्ड जिवंत, फुली म्हणजे ॲस्टरिस्क असेल तर डिलीट झालेलं. डिलीट कमांड दिली की नुसती फुली पडायची, डेटा जागेवरच, रिकॉल दिलं की परत जिवंत. खरंच जागा मोकळी करायची तर पॅक, तेव्हा फाइल नव्याने लिहिली जायची आणि सगळे रेकॉर्ड नंबर बदलायचे, मग इंडेक्स (शोधायच्या सूची) परत बनवायचे, कारण इंडेक्समध्ये रेकॉर्ड नंबरच ठेवलेले. मार्चअखेरीला हे काम.

तुझ्या बाबतीत मात्र पॅक करायचंच नाही. कोड हाच रेकॉर्ड नंबर आहे ना, मग मधला एक काढून बाकीचे वर सरकवलेस तर ५७ नंबरच्या सभासदाचं दूध ५६ च्या नावावर. आणि मोकळी जागा नव्या सभासदालाही देऊ नकोस. पुस्तकात तुला फ्री लिस्ट शिकवतील, म्हणजे मोकळ्या जागांची साखळी करायची, हेडरमध्ये पहिल्या मोकळ्या जागेचा नंबर आणि त्या जागेत पुढच्या मोकळ्या जागेचा, ते तंत्र चांगलंच आहे, शीक. पण संस्थेत जुन्या सभासदाची पशुखाद्याची उचल बाकी असते, ती जुन्या कागदी खातेवहीत त्याच कोडवर असते, नवा माणूस त्या कोडवर आला की पहिल्याच बिलाला भांडण. कोड एकदा गेला की गेला, नवा माणूस २०१.

एक_साधा_डेव्हलपर

एवढा खटाटोप कशाला? एसक्यूलाइट डेटाबेस टाका, एक फाइल असते, सर्व्हर लागत नाही, दहा मिनिटांचं काम. २०० रेकॉर्डला एफसीक करत बसलेत 🙂

बाइटमोजणी

@एक_साधा_डेव्हलपर, सरांची अट पहिल्याच परिच्छेदात आहे. आणि एसक्यूलाइटची फाइल आत काय आहे ते बघा कधी, सगळी पानं एकाच मापाची, डिफॉल्ट ४,०९६ बाइट, आणि पान नंबर न कुठं आहे तर (न − १) गुणिले ४,०९६ वर. मोकळ्या पानांची फ्री लिस्ट, ती पण आहे. रेकॉर्ड लहानमोठे चालतात ते पानाच्या आत. म्हणजे पोरगं जे हाताने करतंय तेच खाली चाललंय.

पण एक मान्य, संस्थेत खरोखर चालवायचं असेल तर मी पण एसक्यूलाइटच म्हणेन. संध्याकाळच्या संकलनाला लाइट गेली आणि रेकॉर्ड अर्धंच लिहून झालं तर हाताने लिहिलेल्या फायलीला कळतसुद्धा नाही की आपल्यात अर्धं नवं अर्धं जुनं आहे. एसक्यूलाइट बदलाआधी जर्नल फायलीत जपून ठेवलेलं जुनं पान परत आणतं. ते सगळं स्वतः लिहायचं म्हणजे मायक्रोप्रोजेक्ट राहणार नाही.

आता सागर, नावं. सी मध्ये ३० कॅरेक्टर म्हणजे ३० बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं, प्रत्येकाचे ३. "शिवाजी" म्हणजे श, वेलांटी, व, काना, ज, वेलांटी, सहा चिन्हं, १८ बाइट. स्पेसचा १, झाले १९. प, काना, अनुस्वार, आणखी ९, झाले २८. आता "ड" ला ३ पाहिजेत आणि उरलेत २. स्ट्रएनकॉपीला (ठरावीक बाइट कॉपी करणारं सी चं फंक्शन) अक्षरबिक्षर काही कळत नाही, त्याने ड चे दोन बाइट घेतले आणि तिसरा सोडला, ब्राउझरला तो तुकडा ओळखता येईना, म्हणून काळा चौकोन.

दुसरी गंमत बघ. "ज्ञानेश्वर" मोज: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, बरोबर ३० बाइट. फील्ड काठोकाठ भरलं, शेवटच्या शून्याला जागाच नाही. तरी तुझ्याकडं नाव नीट छापलं जात असेल, कारण पुढचे पॅडिंगचे सहा बाइट शून्य आहेत आणि प्रिंटएफ तिथं थांबतो. म्हणजे ज्या पॅडिंगला आपण शिव्या घालतोय त्यानेच वाचवलंय. कोणीतरी तुला प्रॅग्मा पॅक (पॅडिंग बंद करायची सूचना) टाक असं सांगेल, टाकलंस की रेकॉर्ड ४२ चं होईल खरं, पण ज्ञानेश्वरच्या नावापुढं त्याच्या बाकीचे बाइट छापले जायला लागतील.

मी असा मांडेन. स्ट्रक्चर सरळ फायलीत ओतायचं नाही. १२८ बाइटचा एक बफर घ्यायचा, आधी शून्यांनी भरायचा, मग पहिल्या बाइटला काकांनी सांगितलेली जिवंत की डिलीट ही खूण, पुढचे ४ बाइट कोड, पुढचे ९६ नाव, पुढचे ८ बाकी, झाले १०९, उरलेले १९ पुढं फोन नंबरला वगैरे. प्रत्येक फील्ड आपल्या हाताने आपल्या जागी ठेवायचं, मग कंपायलर कुठलाही असो. आणि पहिले १२८ बाइट हेडरला द्यायचे, म्हणजे कोड ७ चं रेकॉर्ड सरळ ७ गुणिले १२८ वर, उणे एकची कटकटच गेली. २०० सभासदांची फाइल २५,७२८ बाइटची होईल, याच्यापेक्षा व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंग मोठा असतो.

९६ पुरतात का? "ज्ञानेश्वर पांडुरंग क्षीरसागर" मोजून बघितलं, स्पेस धरून ८३. पुरतात, पण तरी कापायची वेळ आली तर मागे सरकून कापायचं. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या मधले बाइट १२८ ते १९१ मध्येच असतात. जो पहिला बाइट बाहेर राहणार आहे तो या मापातला असेल तर एक मागे ये, परत बघ, जोपर्यंत चिन्हाची सुरुवात सापडत नाही. एवढ्याने काळा चौकोन जाईल पण काम संपत नाही, कारण काना किंवा वेलांटीच्या आधी कापलं तरी यूटीएफ-८ म्हणून ते शुद्धच असतं. "शीला" चं "शील" झालं तर चौकोन येत नाही, कोणाला कळत नाही, आणि ते जास्त वाईट. म्हणून पुढचं चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर अख्खं अक्षरच सोडायचं, आणि राहिलेलं शेवटचं चिन्ह हलन्त असेल तर तो आणि त्याच्या आधीचं व्यंजन दोन्ही सोडायचं. सगळ्यात बरं म्हणजे कापायचंच नाही, नाव मावत नाही असं दाखवून परत विचारायचं.

आणि बाकी डबलमध्ये नको रे. रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत ठेव, ८ बाइटचा पूर्णांक. फॅट ४.२ असेल तर ४२.

फॉक्सप्रो_निवृत्त

नावाला तीन बाइटचा हिशोब वाचून हसू आलं. आमच्या वेळी पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवायचो, त्यात इस्की कोड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा जुना कोड, एका चिन्हाला एक बाइट. तुझा ज्ञानेश्वर १० बाइटमध्ये बसायचा. कार्ड नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसती रांगोळी, तो भाग वेगळा.

नाव किंवा शेरा फारच लांब असेल तर डीबेसमध्ये मेमो फील्ड होतं. मुख्य रेकॉर्डमध्ये फक्त १० बाइट, त्यात ब्लॉक नंबर, आणि मजकूर शेजारच्या डीबीटी फायलीत ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. रेकॉर्ड फिक्स्डच राहतं आणि मजकूर वाटेल तेवढा. फक्त ती दुसरी फाइल कॉपी करायला लोक विसरायचे.

अस्मिता_टीवाय

मध्येच विचारते, आम्हाला हेच जावामध्ये आहे, रँडम ॲक्सेस फाइल क्लास. मी राइटयूटीएफ वापरते नावाला, ते फिक्स्ड लेंथ आहे ना? आणि सागरची फाइल जावात वाचता येईल का?

बाइटमोजणी

नाही ना. राइटयूटीएफ आधी दोन बाइटमध्ये लांबी लिहितो आणि मग लागतील तेवढेच बाइट, म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड वेगळ्या लांबीचं, सीकचा गुणाकार तिथंच मेला. एकतर गेटबाइट्स करून (नावाचे बाइट काढून) ९६ च्या बाइट ॲरेत टाकून तो अख्खा लिही, किंवा राइटचार्स, त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, पण स्पेस भरून लांबी तुलाच सारखी करावी लागेल.

सागरची फाइल वाचता येईल, पण जावाचा रीडइंट मोठा बाइट आधी आहे असं धरतो आणि इंटेलवर सी ने लिहिलेला इंट लहान बाइट आधी. कोड १ चा तुला १६७७७२१६ दिसेल. घाबरू नकोस, इंटिजर क्लासचं रिव्हर्सबाइट्स लाव. आणि १२८ बाइट एका झटक्यात ॲरेत वाचून मग बाइटबफरने फोड, या क्लासला बफर नसतो, एकेक फील्ड वाचत बसलीस तर प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टमकडं फेरी.

सागर_गडहिंग्लज

बी लावला, ११ आला, यादी पण २०० पर्यंत गेली! १२८ च्या बफरवर नेलं, मित्राच्या लॅपटॉपवर पण फाइल २५,७२८ चीच झाली. काका, फुली पण टाकली, रिकॉल पण केलं, कोड परत देत नाही.

आता एकच राहिलं. नावावरून शोधायचं केलंय, सगळी रेकॉर्ड वाचत जायचं आणि बाइट जुळवायचे. कुऱ्हाडे आडनावाचे चार जण आहेत, फोनच्या कीबोर्डवरून टाइप केलेले दोघंच सापडतात, कॉम्प्युटरवरून भरलेले दोघं सापडत नाहीत. दिसायला चारही सारखेच.

अस्मिता_टीवाय

हे मला माहितीये, माझ्या मामांचं आडनाव तेच आहे 😄 तो ऱ्ह तीन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग नाव २४ बाइटचं. दुसरं र आणि खाली नुक्ता (टिंब), २७ बाइट. तिसरं र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, ते पण २७. लिहायच्या आधी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल ते एका ठरलेल्या रूपात आणणं) केलंस तर दुसऱ्याचं पहिलं होतं, जावात ते तयार मिळतं, सी मध्ये लायब्ररी घ्यावी लागेल किंवा ते सहा बाइट शोधून तीन टाकायचे. तिसरा प्रकार एनएफसीने बदलत नाही, तो स्वतःच बदलायचा. शोधायला टाइप केलेल्या नावालाही तेच फंक्शन लाव, नाहीतर फाइल एका प्रकारात आणि शोध दुसऱ्या प्रकारात.

सागर_गडहिंग्लज

हेक्स एडिटरमध्ये बघितलं, सापडत नाहीत ते दोघं २७ वालेच आहेत, एक नुक्त्याचा आणि एक जॉइनरचा. आज रात्री फंक्शन लिहितो, मंगळवारी सबमिशन आहे.